नाक जानूचं, जीभ साहेबांची

दूध बिघडलंय हे जानूला कळलं तेव्हा चहाचा कप साहेबांकडे जाऊन पाच मिनिटं झाली होती. चहात ते फाटलं नव्हतं, पण पातेल्यावरचं झाकण काढताच त्याचा आंबूस वास त्याच्या नाकात शिरला. तो तसाच व्हरांड्याकडे धावला. सीताराम विजयकर साहेब वेताच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते आणि तिपाईवरचा कप रिकामा होता.

"साहेब, च्या प्यायलात?"

"प्यायलो. का रे?"

"न्हाई, कसा हुता म्हनलं."

"नेहमीसारखा," साहेब म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

जानू कप घेऊन आत आला. डाळीत हिंग चिमूटभर जास्त पडला तर दारापासूनच 'आज हात सैल सुटला वाटतं' म्हणणारा हा माणूस. अठ्ठावीस वर्षं जानू त्यांच्याकडे स्वयंपाक करत होता. श्रावणात साहेबांना आठ दिवस ताप येऊन गेला होता. त्यानंतर ते गुमान जेवत होते, कशालाच नाव ठेवत नव्हते. जानूला वाटलं होतं, आजारपणानं माणूस नरमला. आता त्याला वेगळी शंका आली.

त्यानं दुपारच्या आमटीत मसाला घातला नाही, फोडणीही दिली नाही. साहेब जेवून उठले. संध्याकाळी त्यानं मुद्दाम भाकरीचा एक पापुद्रा तव्यावर काळा होईपर्यंत जळू दिला. मागच्या खोलीतून त्याची बायको चंपा ओरडत आली, "अवो, काय जाळताय?" साहेब पलीकडच्याच खोलीत बसून पत्र लिहीत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

त्या रात्री ताट उचलताना जानू हळूच म्हणाला, "साहेब, वास येईना व्हय?"

साहेबांनी हात पुसले. मग म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

ही १९६७ सालची गोष्ट. विजयकर साहेब मुंबईचे पाठारे प्रभू, सॉलिसिटर, वकिलीची परीक्षा विलायतेत दिलेले. निवृत्तीनंतर ते लोणावळ्याला तुंगार्लीच्या बाजूच्या आपल्या बंगल्यात कायमचे राहायला आले. पत्नी कस्तुराबाई दहा वर्षांपूर्वी वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. जानू आणि चंपा मागच्या दोन खोल्यांत राहायची.

जानू बेडशाचा. बौद्ध लेण्यांच्या डोंगराखाली महारवाड्यात त्याचा जन्म झाला. पोरवयात शेळ्या राखल्या, मग रेल्वेच्या एका गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यावर भांडी घासायला लागला आणि तिथेच बटलर झाला. कुठल्या ताटाबरोबर कुठली वाईन, कुठली गार, कुठली तशीच, उघडून किती वेळ ठेवायची, हे सगळं तो तिथे शिकला. इंजिनिअर विलायतेला परत गेला तेव्हा सीताराम विजयकरांनी त्याला ठेवून घेतलं. साहेबांच्या आईनं मरेपर्यंत जानूच्या हातचं पाणी घेतलं नाही. कस्तुराबाईंनी मात्र स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसून त्याला प्रभूंचा सगळा स्वयंपाक शिकवला. भुजणं, पातवड, परभी सांबार मसाल्याचं मटण, सगळं.

दर डिसेंबरात एका रविवारी दुपारी साहेबांकडे मित्रांचं जेवण असायचं. येणारे मोजकेच. बाजीराव जयकर, आगबोटीवरचे निवृत्त कप्तान. डॉक्टर महिपती कोठारे आणि त्यांच्या पत्नी लीलाबाई. तरुणपणापासूनची ही मैत्री. दारूबंदीचे दिवस होते. साहेबांकडे प्रकृतीच्या कारणाचं परमिट होतं, कप्तानाकडेही होतं. वर्षभर एकेक बाटली राखून या एका जेवणाला काढायची. जानू पदार्थ ठरवायचा आणि साहेब त्याला जोडीची बाटली निवडायचे. माशाला ही का, मटणाला ती का, यावर जेवण संपेपर्यंत वाद रंगायचा. कप्तान हटकून विरुद्ध बाजू घ्यायचा.

पूर्वी ही निवड दोघं मिळून करायचे. जानू घोटभर चाखायचा, साहेब घोटभर चाखायचे आणि मग ठरायचं. छप्पन्न साली जानू आणि चंपा नागपूरला जाऊन आली. लाखोंच्या गर्दीत उभं राहून त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आल्यावर जानूनं साहेबांना सांगितलं, "आजपासून दारू तोंडात घ्यायची न्हाई. परतिज्ञा केलीया." साहेब आठवडाभर घुश्शात होते. मग एके दिवशी म्हणाले, "ठीक आहे. तू शिजव, मी चाखतो." अकरा वर्षं तसंच चाललं होतं.

आणि आता साहेबांना वासच येत नव्हता.

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तापानं नाकातल्या शिरा दुखावल्या आहेत, वास येईलही, न येईलही. साहेबांनी या वर्षी जेवणच रद्द करायचं ठरवलं. महिपती डॉक्टर मार्चमध्ये वारले होते, तेच कारण पुरेसं होतं. पत्र लिहून तयार होतं, पण ते पोस्टात पडायच्या आधी लीलाबाईंचंच पत्र आलं.

'भाऊजी, यंदा आपण जेवण करणार नाही असं तुमच्या मनात येईल, म्हणून आधीच लिहिते. मला यायचं आहे. यांनी अठ्ठेचाळीस साली लंडनहून आणलेली लाल वाईनची एक बाटली अजून कपाटात आहे. चांगल्या दिवशी उघडू म्हणत राहिले. ती मी घेऊन येते. लोणावळ्यालाच उघडायची. तुम्ही चाखून सांगायचं, मग आम्ही पिऊ.'

साहेबांनी ते पत्र जानूला वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

"आता?" जानूनं विचारलं.

"आता जेवण होणार. नाही कसं म्हणू?" साहेबांनी खिशातल्या पत्रावर हात ठेवला. "जानू, तू चाख."

जानू एक पाऊल मागे सरकला.

"गिळू नकोस. तोंडात घोळव आणि थुंकून टाक. पोटात थेंब जाणार नाही. मला फक्त सांग कशी आहे. आपल्या दोघांशिवाय कोण पाहणार आहे?"

"मी पाहनार की साहेब."

साहेबांचा चेहरा उतरला. "अठ्ठावीस वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही मी."

हे खरं नव्हतं. साहेबांनी रोज काही ना काही मागितलं होतं आणि जानूनं दिलं होतं. पण त्या वेळी तसं बोलून दाखवणं त्याला जमलं नाही. तो नुसता "न्हाई जमायचं, साहेब" म्हणाला आणि आत गेला. दोन दिवस दोघं कामापुरतंच बोलले.

तिसऱ्या दिवशी चंपानं भाजी निवडता निवडता विषय काढला. "काय झालंय तुमचं नि साहेबाचं?"

जानूनं सांगितलं. चंपा ऐकत राहिली.

"ल्हानपनी त्या लेन्यात शेळ्या घिऊन सावलीला बसायचा तुमी," ती म्हणाली. "ती कुनाची जागा हाय ते आपल्याला छप्पन साली कळलं. आता कळल्याव पुन्हा कसं इसरायचं?"

"इसरत न्हाई गं मी. पर मानसाचं तोंड बघवंना. सगळं लाकूड खाल्ल्यावानी खातो."

"मग दुसरं काय तरी करा. परतिज्ञा तोंडाची हाय. नाकाची न्हाई केली आपन."

जानू तिच्याकडे बघतच राहिला. अकरा वर्षं तो बाटल्या उघडत होता, ओतत होता, त्यांचा वास त्याच्या नाकात जातच होता. त्याला कधी हे सुचलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो ट्रे घेऊन व्हरांड्यात आला. ट्रेमध्ये चार वाट्या होत्या.

"डोळं मिटा, साहेब."

"हा काय पोरखेळ?"

"मिटा तर."

पहिल्या वाटीत मिठाचं पाणी होतं. साहेबांनी बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं. दुसऱ्या वाटीत चिंचेचा कोळ, तो ओळखला. तिसरीत गुळाचं पाणी, तेही ओळखलं. चौथ्या वाटीत जानूनं हिरड्याची पूड कालवली होती. साहेबांनी जीभ टाळ्याला लावली आणि डोळे उघडले. "तुरट! जीभ आवळली रे."

"बघा," जानू ट्रे खाली ठेवत म्हणाला. "जीभ शाबूत हाय तुमची. वास तेवढा गेलाय. तवा वास माझा नि जीभ तुमची. दोगं मिळून एक मानूस हुतोय का बगू."

साहेब हसले. तीन महिन्यांत जानूनं त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

नोव्हेंबरभर त्यांची शिकवणी चालली. परमिटातली एखादी बाटली उघडायची. जानू ग्लास नाकाशी धरून सांगायचा, "कच्च्या सफरचंदाचा वास हाय. वल्या दगडाचा हाय." साहेब घोट घ्यायचे. "आंबट. पातळ. मागून कडसर." मग दोघं विचार करायचे की याच्याबरोबर काय शिजवावं. साहेबांना पूर्ण चव कळणार नव्हती, पण कुरकुरीत कळत होतं, मऊ कळत होतं, तिखट चांगलंच झोंबत होतं. जानूनं सगळं जेवण त्या हिशेबानं बांधलं. ओले बोंबील रव्यात कडक तळायचे, म्हणजे दाताला आवाज येईल, आणि त्याबरोबर गार पांढरी. कोलंबीच्या भुजण्यात हिरवी मिरची नेहमीपेक्षा दोन जास्त. मटण चरबीचं घ्यायचं, कारण लाल वाईनच्या तुरटपणानं तोंडातली चरबी धुऊन निघते, हे साहेबांच्या जिभेला कळेल. शेवटी आंबेमोहराची खीर आणि चमचाभर गोड पोर्ट वाईन.

लीलाबाईंची बाटली मात्र आधी उघडता येणार नव्हती. त्यासाठी दोघांनी खूण ठरवली. बाटली उघडली की जानू मागे उभा राहून वास घेईल. चांगली असेल तर विचारेल, "साहेब, ओतू?" बिघडलेली असेल तर विचारेल, "साहेब, जरा थांबू?" बाकीचं साहेब सांभाळून घेतील.

"पण ती बिघडलेली असली तर काय सांगाल बाईस्नी?" जानूनं विचारलं होतं.

"बघू तेव्हा," साहेब म्हणाले होते.

तो रविवार थंड आणि स्वच्छ उजाडला. सकाळच्या गाडीनं कप्तान आणि लीलाबाई आले. कप्तानाच्या एका हातात बर्फात घातलेले बोंबील आणि कोलंबीचा डबा होता, दुसऱ्या हातात पांढऱ्या वाईनची बाटली. टांग्यातून उतरतानाच तो ओरडला, "सीताराम, यंदा माझी बाटली माशाला! तुझं काही ऐकणार नाही." लीलाबाईंनी टॉवेलात गुंडाळलेली पिशवी पोटाशी धरली होती. मुलींच्या शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या त्या, सरळ बघणाऱ्या, सरळ बोलणाऱ्या. पण त्या दिवशी त्यांचा आवाज जरा खाली होता.

जानूनं पिशवी हातात घेतली आणि टॉवेल सोडला. वाईन बाटलीच्या खांद्याच्याही खाली उतरली होती. बूच कडेनं काळपट पडलं होतं.

"कुठं ठेवली हुती बाई ही?"

"स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून कपाट आहे ना, त्यात. का?"

"काय न्हाई. इचारलं." जानूनं बाटली उभी करून ठेवली. त्याच्या मनात पाल चुकचुकली, पण उघडल्याशिवाय बोलण्यात अर्थ नव्हता.

टेबल बाहेर व्हरांड्यात उन्हात मांडलं होतं. कप्तानाची पांढरी बाटली आल्या आल्याच विहिरीत बादलीनं सोडलेली होती, ती बर्फासारखी गार निघाली. बोंबील कढईतून सरळ ताटात येत होते. पहिल्या घासाला कड्ड असा आवाज झाला आणि साहेब म्हणाले, "वा!" ते मनापासून होतं. पांढरीचा घोट घेऊन ते म्हणाले, "बाजीराव, आंबट आहे, पण बोंबलाचं तेल कापतेय. या वर्षी तुझं मान्य."

कप्तान इतका चकित झाला की वाद घालायलाच विसरला. भुजण्यालाही तसंच झालं. साहेब चवीचं बोलत होते आणि कुठेच चुकत नव्हते. आत रस्सा ढवळताना जानूला ते ऐकू येत होतं आणि त्याचा ऊर भरून येत होता.

मग मटण आलं. जानूनं पातेलं टेबलाच्या मध्ये ठेवलं. लीलाबाई उठल्या, बाटली स्वतः घेऊन आल्या आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवली.

"भाऊजी, तुम्ही उघडा."

साहेबांनी बुचात मळसूत्र फिरवलं. बूच अर्धं तुटलं, अर्धं निघालं. मागे उभ्या असलेल्या जानूला त्याच क्षणी कळलं. वास असा होता की ग्लास नाकाशी न्यायचीही गरज नव्हती. तिखट, नाकात चढणारा. शिरका, साहेबी भाषेत व्हिनेगर.

साहेबांनी थोडी वाईन ग्लासात घेतली, नाकाशी धरली, मग घोट घेतला. त्यांची जीभ आवळली असणार, डोळे किंचित बारीक झाले. त्यांनी जानूकडे पाहिलं.

"साहेब, जरा थांबू?" जानू म्हणाला.

साहेबांना समजलं. त्यांनी लीलाबाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीच्या कडेवर बसून, दोन्ही हात ग्लासाभोवती धरून, त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"उत्तम!" साहेब म्हणाले. "वहिनी, उत्तम आहे. जानू, ओत."

जानू हलला नाही.

"जानू, ओत म्हटलं ना?"

अठ्ठावीस वर्षांत जानूनं पाहुण्यांसमोर साहेबांचा शब्द एकदाही मोडला नव्हता. पण ही बाई आता तो ग्लास तोंडाला लावणार होती. पहिल्याच घोटाला तिला कळणार होतं की नवऱ्याची बाटली गेली, आणि नवऱ्याच्या मित्रानं आपल्याला लहान मुलासारखं समजावलं. आणि ते ओतणारा हात जानूचा असणार होता.

"बाई," तो म्हणाला, "जरा आत येता का माझ्यासंगं? मटनाचं इचारायचं हाय."

मटण टेबलावरच होतं. तरीही लीलाबाई उठल्या. जानूनं बाटली उचलली आणि त्यांच्या पाठोपाठ स्वयंपाकघरात गेला. चंपा चुलीपाशी खीर ढवळत होती. ती बाजूला झाली.

"मटनाचं खोटं बोललो मी, माफ करा," जानू म्हणाला. "बाई, ही उतरलीया. बूच वाळलं नि हवा शिरली. दारू न्हाई ऱ्हायली, शिरका झालाय."

लीलाबाईंनी बाटली नाकाशी नेली आणि लगेच दूर केली. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं, पण रडू आलं नाही. आला तो राग.

"एकोणीस वर्षं," त्या म्हणाल्या. "माझी पैठणी अशीच पेटीत कुजली. चांगल्या दिवशी नेस म्हणायचे. युरोपची तिकिटं पुढच्या वर्षी काढू म्हणायचे. माणूस चांगला होता रे जानू, फार चांगला. पण त्यांचा चांगला दिवस कधी उगवलाच नाही."

चंपानं स्टूल पुढे सरकवलं. "बसा, मावशी." लीलाबाई बसल्या. चंपानं पाणी दिलं, ते प्यायल्या. मग एकदम त्यांनी मान वर केली.

"पण भाऊजींनी हे नाकाशी धरलं होतं. हा वास टेबलापलीकडून यावा असा आहे. खोटं बोलले, की त्यांना कळलंच नाही?"

जानूनं खाली पाहिलं. "ते साहेबास्नीच इचारा, बाई."

लीलाबाई डॉक्टरांच्या पत्नी होत्या. त्यांना आणखी विचारावं लागलं नाही. पदरानं डोळे पुसून त्या बाहेर गेल्या आणि खुर्चीत न बसताच म्हणाल्या, "भाऊजी, बाटली आंबलीय. तुम्ही खोटं बोललात, की तुम्हाला वासच आला नाही?"

कप्तानाचा घास हातात राहिला. साहेबांनी रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला.

"दोन्ही, वहिनी," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. श्रावणातला ताप, पुण्याचे डॉक्टर, जानूच्या चार वाट्या. बाजीराव कप्तान ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा लाल होत गेला.

"चार महिने!" तो म्हणाला. "चार महिन्यांत मी तुला सहा पत्रं लिहिली. एका ओळीनं तरी कळवायचं होतंस. महिपतीनंही दुखणं असंच लपवलं. आता तू. मला मेल्यावरच कळवायचं ठरवलंय का सगळ्यांनी?"

कप्तानाला असं बोलताना त्या टेबलावर कुणी पाहिलं नव्हतं. साहेबांनी हात पुढे करून त्याच्या मनगटावर ठेवला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मला वाटलं, वास नाही म्हटल्यावर तुम्ही माझी कीव कराल आणि जेवणातली मजा जाईल."

"मजा कसली घालवतोस? आज पहिल्यांदा तू माझ्या बाटलीला बरं म्हणालास," कप्तान म्हणाला, आणि मग लीलाबाईंसकट तिघंही हसले.

आत जानू त्या बाटलीकडे बघत उभा होता. फेकून द्यायला हात होत नव्हता. त्यानं थोडं वाटीत ओतलं आणि उजेडात धरलं. रंग तांबूस, गढूळ नाही. वास तिखट, पण स्वच्छ.

"ही आता दारू हाय का?" त्यानं चंपाला विचारलं.

चंपानं वाटी नाकाशी नेली. "लोनच्यात घालत्यात तसलं झालंय की हे."

"मग?"

"मग घ्या की. इचारता काय मला?"

जानूनं करंगळी बुडवली आणि जिभेवर टेकवली. आंबट चढलं आणि त्यामागून, खूप लांबून, द्राक्षाचं काहीतरी आलं. शिरका उत्तम होता. त्यानं भराभर कांदा उभा चिरला, मटणावरची आधीच काढून ठेवलेली दोन पळ्या चरबी कढईत तापवली, कांदा लाल केला, गुळाचा खडा टाकला आणि वरून त्या बाटलीतलं अर्धं फुलपात्र ओतलं. चर्र झालं. वास बाहेर व्हरांड्यात गेला आणि कप्तान खुर्चीतून ओरडला, "ए, आत काय चाललंय?"

जानूनं ती चटणी गरम गरम आणून प्रत्येकाच्या मटणावर चमचाभर घातली.

"बाई, डॉक्टरसाहेबांची बाटली हाय ही," तो म्हणाला. "पिता न्हाई यायची. खाता यील."

लीलाबाईंनी पहिला घास घेतला. मग दुसरा घेतला. साहेबांच्या जिभेवर आंबट, गोड आणि चरबी असं सगळं एकदम आलं. ते खात राहिले आणि त्यांनी जानूकडे ताट पुढे केलं, आणखी म्हणून.

"याच्याबरोबर कुठली प्यायची, कप्तान?" लीलाबाईंनी विचारलं.

कप्तानानं विचार केला. "कुठलीच नाही," तो म्हणाला. "पाणी."

हा त्या दिवसाचा शेवटचा निकाल होता आणि त्यावर कुणीच वाद घातला नाही. खिरीपर्यंत महिपती डॉक्टरांच्याच गोष्टी चालल्या. त्यांनी विसरलेल्या छत्र्या, न उघडलेली पाकिटं, रोग्यांना दिलेल्या शिव्या. लीलाबाई दिवसभरात पहिल्यांदा मोकळेपणी रडल्याही आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

ऊन उतरू लागल्यावर पाहुणे गाडीसाठी निघाले. टांग्यात बसताना लीलाबाई चंपाला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात येईन तेव्हा तुझ्यासाठी दोन लुगडी आणते. नवी आहेत, घडी मोडलेली नाही. नेसायची मात्र लगेच." त्या बोलल्याप्रमाणे आल्या आणि त्यानंतर दर एक-दोन महिन्यांनी, डिसेंबरची वाट न बघता, येत राहिल्या. पुढच्या मे महिन्यात त्या कप्तानाच्या ओळखीनं एका आगबोटीवरून एकट्या कोलंबोला जाऊन आल्या.

पाहुणे गेल्यावर जानू आणि चंपा स्वयंपाकघरात पानं घेऊन बसली. पहिला घास घेतला नसेल तोच दारात साहेब आले. जानू उठू लागला.

"बस," साहेब म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. कस्तुराबाई गेल्यापासून ते या खोलीत कधी बसले नव्हते. थोडा वेळ त्यांनी चुलीकडे पाहिलं.

"जानू, मी तुला थुंकून टाक म्हणालो होतो."

"जाऊ द्या, साहेब."

"नाही जाऊ देत. तुझ्या शब्दाला काही किंमत आहे हे मला आज कळलं असं नाही. मला माहीत होतं. माहीत असूनही मी म्हणालो. ते चुकलं."

जानूनं चंपाकडे पाहिलं. चंपानं एक पान आणखी घेतलं, त्यावर भाकरी ठेवली, मटणाचा रस्सा वाढला आणि साहेबांपुढे सरकवलं.

"तुमी मगाशी पोटभर खाल्लं न्हाई," ती म्हणाली. "मी बगत हुते."

साहेब स्टुलावरून उतरले आणि खाली पाटावर बसले. तिघं जेवली.

साहेबांचा वास लगेच आला नाही. हिवाळा गेला, होळी गेली. जानूनं स्वयंपाक तसाच चालू ठेवला. कुरकुरीत, तिखट, आंबट. चैत्राच्या अखेरीस एका सकाळी साहेब व्हरांड्यातून घाईघाईनं आत आले.

"जानू, काहीतरी जळतंय."

जानूनं चुलीकडे पाहिलं. काही जळत नव्हतं. तो बाहेर गेला. समोरच्या उतारावर शेजारचा शेतकरी बहिरू पेरणीआधी आपल्या भाताच्या वाफ्यावर पाला आणि गोवऱ्या पसरून राब भाजत होता आणि धुराची एक निळी रेघ बंगल्याकडे येत होती.

"बहिरूचा राब हाय, साहेब," जानू म्हणाला.

साहेब कठड्याला हात टेकून उभे राहिले आणि ठसका लागेपर्यंत दीर्घ श्वास घेत राहिले.